दरवर्षी तणनाशक देऊनही लॉनमध्ये तण का येतं? तणाची वेळ वेगळी, खताची वेळ वेगळी

थंडी ओसरते. लॉन अजून पिवळंच असतं आणि ते लवकर हिरवं व्हावं म्हणून आपण खत टाकतो. हाताशी तणनाशक मिसळलेलं खत असेल तर दोन्ही कामं एकाच फेरीत उरकतात. तीन-चार आठवड्यांनी हिरवा रंग दिसू लागतो आणि बरं वाटतं. खाली वाकून पाहिलं की कळतं, हिरवं झालेलं गवत आपलं नाहीच. मग उगवलेल्या तणावर फवारणी, उन्हाळाभर उपटाउपटी आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

माझ्या लॉनमध्ये हे सलग तीन वर्षं झालं. पहिल्या वर्षी वाटलं औषध हलकं निघालं. दुसऱ्या वर्षी वाटलं मात्रा कमी पडली, म्हणून मात्रा वाढवली. त्याने तण कमी झालं नाही, उलट लॉनच विरळ झालं. तिसऱ्या वर्षी जमिनीचं तापमान रोज मोजायला लागलो तेव्हा गाठ सुटली. औषध ठीक होतं, खतही ठीक होतं. दोन्हींची वेळ मी एकच धरली होती, आणि त्या दोन वेळांमध्ये खरं तर दीड-दोन महिन्यांचं अंतर असतं.

हे सगळं उष्ण हंगामातल्या गवतांबद्दल आहे: हरळी म्हणजे बर्म्युडा, झॉयशिया, सेंट ऑगस्टीन, सेंटीपीड. ही गवतं उन्हाळ्यात वाढतात आणि थंडीत झोपतात. थंड हंगामाच्या गवतांचं वेळापत्रक जवळपास उलटं असतं, त्यामुळे त्यांच्यासाठी लिहिलेला सल्ला इथे लावू नका. निम्मे गोंधळ तिथूनच सुरू होतात.

तण आधी जागं होतं

क्रॅबग्रास हे लॉनमधलं सर्वांत त्रासदायक एकवर्षायू गवत. जमिनीला चिकटून चारी बाजूंनी पसरतं, पानं रुंद आणि फिकट हिरवी. मातीच्या वरच्या काही सेंटीमीटरमधलं तापमान सलग काही दिवस 13 अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलं की त्याचं बी रुजायला सुरुवात होते. गूजग्रास, म्हणजे मध्यभागी चपटं आणि चंदेरी-पांढरट दिसणारं, तुडवलेल्या जागी येणारं गवत, थोडं मागाहून, 16 ते 18 अंशांना येतं. आणि आपलं लॉन? त्याच्या मुळांना खत घेण्याइतकी जाग यायला माती साधारण 18 अंशांच्या वर टिकावी लागते.

या पाच अंशांच्या फटीत काही आठवडे जातात. त्या काळात टाकलेला नत्र, म्हणजे खतातला नायट्रोजन, लॉन जवळजवळ घेतच नाही. घेतं ते तण. उसाबरोबर एरंडाला पाणी मिळतं असं आपण म्हणतो, इथे तर ऊस कोरडा आणि एरंडच न्हाऊन निघतो. उरलेला नत्र पाण्याबरोबर खाली झिरपून जातो.

याच्या उलट चूकही तितकीच होते. कोणी सांगतं की लॉन पूर्ण हिरवं होईपर्यंत खत देऊ नका. ते बरोबर आहे. पण तणनाशकही त्याच पोत्यात असल्यामुळे तेही तोपर्यंत थांबतं, आणि तणाची रोपं तीन-चार पानांची झाल्यावर आपण वरातीमागून घोडं घेऊन पोहोचतो. दोन्ही एकत्र असलेलं पोतं उष्ण हंगामाच्या लॉनला म्हणूनच सोयीचं नाही. लवकर टाकलं तर खत चुकतं, उशिरा टाकलं तर औषध चुकतं. माझ्या मते ते घेऊच नये. सुटं तणनाशक, सुटं खत.

ज्या भागात हिवाळा इतका कडक नसतो की माती 15 अंशांखाली जाईल, तिथे तापमानाचं हे घड्याळ फारसं कामाचं नाही. तिथे तणाला उठवतो तो पाऊस. कोरड्या काळानंतर पहिला चांगला भिजवणारा पाऊस झाला की आठवडाभरात तणाची पहिली लाट येते. अशा ठिकाणी औषध त्या पावसाच्या आधी जमिनीत बसलेलं हवं. पावसाची वाट न पाहता स्वतः पाणी देऊन बसवलं तर उत्तम.

तण कुठे आलं आणि कधी आलं

उपाय करण्याआधी एक दिवस फक्त पाहण्यात घालवा. तण जिथे येतं तिथेच आपलं काय चुकलं त्याचा पत्ता असतो.

फरसबंदीच्या कडेने, भिंतीलगत, पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी तण आणि मधलं लॉन स्वच्छ, असं असेल तर औषध देण्यात तुम्हाला थोडासाच उशीर झाला. फरशी आणि काँक्रीट तापतात, कडेची माती आठ-दहा दिवस आधी गरम होते, गवतही तिथे पातळ असतं. त्यामुळे तापमान मोजायचं ते लॉनच्या मध्यावर नाही, दक्षिणेकडचं ऊन घेणाऱ्या कडेवर. (विषुववृत्ताच्या दक्षिणेला असाल तर उत्तरेकडची कड.) ती कड आपल्याला आगाऊ सूचना देते.

तण सरळ पट्ट्यांत आलं असेल तर वेळ ठीक होती, पसरवणं चुकलं. दोन फेऱ्यांच्या मध्ये जागा कोरी राहिली. यावर खात्रीचा उपाय म्हणजे ठरलेली मात्रा दोन समान भागांत करायची, पहिला भाग लांबीत, दुसरा रुंदीत टाकायचा.

सुरुवातीला लॉन स्वच्छ आणि तीन महिन्यांनी अचानक तण, याचा अर्थ औषधाचा थर संपला. पेंडीमेथालिन हे तणनाशक गरम, ओल्या मातीत तुलनेने लवकर विघटित होतं, प्रोडायमाइन हे दुसरं तणनाशक जास्त टिकतं. उन्हाळा लांब असेल तर एका मात्रेत हंगाम निघत नाही. अशा वेळी पहिली मात्रा दिल्यावर 8 ते 10 आठवड्यांनी दुसरी द्यावी लागते, आणि दोन्ही मिळून लेबलवर दिलेल्या वर्षाच्या कमाल मर्यादेत राहावं लागतं. मी दुसऱ्या वर्षी केलं तसं एकदाच दुप्पट देऊन टिकाऊपणा दुप्पट होत नाही, लॉनची मुळं मात्र दुखावतात.

तण फक्त उघड्या ठिगळांमध्ये येत असेल तर औषधाकडे पाहूच नका. तिथे गवत का नाही, हा खरा प्रश्न आहे. सावली असेल, माती दगडासारखी दाबली गेली असेल, पाणी साचत असेल. हरळीला रोज सहा-आठ तास थेट ऊन लागतं. झाडाखाली ती टिकणार नाही आणि ती रिकामी जागा दरवर्षी काहीतरी भरून काढणारच.

आणि तण अख्ख्या लॉनभर सारखं आलं असेल तर एकतर औषध खूपच उशिरा गेलं, नाहीतर पाण्याने जमिनीत बसलंच नाही. हे दुसरं कारण लोकांना बहुतेक सुचत नाही.

तणनाशक नेमकं काय करतं

उगवणपूर्व तणनाशक, म्हणजे तण वर यायच्या आधी द्यायचं औषध, बी मारत नाही आणि बी रुजणंही थांबवत नाही. हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. ते मातीच्या अगदी वरच्या थरात एक पडदा तयार करतं. बी रुजतं, कोवळं मूळ किंवा कोंब त्या पडद्याला लागतो आणि त्याच्या पेशींचं विभाजन थांबतं. पेंडीमेथालिन, प्रोडायमाइन आणि डायथायोपायर या मार्गाने काम करतात. ऑक्साडायझॉनचा मार्ग वेगळा आहे, ते वर येणाऱ्या कोवळ्या कोंबाला मारतं.

यातून तीन गोष्टी आपोआप निघतात.

पडदा आधी हवा, कोंब नंतर. म्हणून माती 13 अंशांवर पोहोचल्यावर नाही, ती 10-11 अंशांवर येऊन चढत असताना औषध द्यायचं. आठवडा-दोन आठवडे लवकर दिल्याने फारसं बिघडत नाही, आठवडा उशीर झाला तर मात्र पहिली लाट हातची गेली. डायथायोपायर याला थोडा अपवाद आहे. क्रॅबग्रास अगदी कोवळं असेल, फुटवे यायच्या आधी, तर ते त्यालाही मारतं. थोडा उशीर झाला असेल तर माझी पसंती त्यालाच.

पडदा पाण्यानेच तयार होतो. दाणेदार औषध गवताच्या पात्यांवर किंवा कापलेल्या पाल्यावर पडून राहिलं तर ते मातीपर्यंत पोहोचलेलंच नाही. पेंडीमेथालिन तर उन्हात पृष्ठभागावर उघडं राहिलं तर वायाच जातं. लेबलवर वेगळं सांगितलं नसेल तर दिल्यावर एक-दोन दिवसांत 12 मिलिमीटर पाणी, म्हणजे दर चौरस मीटरला 12 लिटर. अंदाजाने देऊ नका. सरळ कडांचे चार-पाच डबे लॉनवर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, फवारे चालू करा, डब्यांत सव्वा सेंटीमीटर पाणी जमायला किती मिनिटं लागतात ते पाहा. माझ्या एका कोपऱ्यात मधल्या भागाच्या निम्मंच पाणी पडत होतं आणि तण दरवर्षी त्याच कोपऱ्यात दाट असायचं. उतारावर मात्र एकदम धो-धो पाणी नको, औषधच वाहून खाली जातं. दोन-तीन वेळा थोडं थोडं द्या. मोठ्या पावसाच्या काही तास आधीही टाकू नका.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पडद्याला तण आणि लॉन यांतला फरक कळत नाही. हरळी धावत्या फांद्यांनी पसरते, त्या फांदीच्या पेरांतून मुळं फुटून जमिनीत जातात. पेंडीमेथालिन आणि प्रोडायमाइनच्या थरात ही नवी मुळं नीट बसत नाहीत. दाट, जुन्या लॉनला याचा त्रास जाणवत नाही. विरळ लॉनला मात्र ते भरून येण्यापासून अडवतं, आणि विरळपणा हेच तर तणाचं आमंत्रण. माझं लॉन दुसऱ्या वर्षी का खराब झालं त्याचं उत्तर इथे होतं. नव्याने गवताची चादर अंथरली असेल, ठोंब लावले असतील किंवा बी पेरायचं असेल तर लेबलवर सांगितलेला काळ जाऊ द्या. लॉन फारच विरळ असेल तर एक वर्ष तण हाताने काढून आधी गवत दाट करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. ठोंब लावलेल्या लॉनसाठी ऑक्साडायझॉन तुलनेने सौम्य समजलं जातं, कारण ते मुळांना त्या पद्धतीने छाटत नाही.

जमिनीला छिद्रं पाडणं, वाळलेल्या काड्यांचा जाड थर खरवडून काढणं, पिवळं गवत खालून कापणं, ही कामं औषधाच्या आधी उरकून घ्या. नंतर खरवडलं तर आपणच तयार केलेला पडदा आपण फाडतो.

थर्मामीटर

मातीचं तापमान मोजायला लांब दांडीचा साधा थर्मामीटर पुरतो. 5 सेंटीमीटर खोल, सकाळी, रोज एकाच वेळी, सलग पाच दिवस. एका दिवसाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका, एखादी गरम दुपार फसवते. कॅलेंडरवर तारीख ठरवून औषध देणाऱ्यांचं काही वर्षं बरोबर येतं आणि काही वर्षं चुकतं, कारण हिवाळा दरवर्षी त्याच तारखेला संपत नाही. दोन हंगामांच्या नोंदी हातात आल्या की आपल्या जागेचा अंदाज येतो.

खत: हिरवं होऊ द्या, मग द्या

खताला घाई नको. लॉन स्वतःच्या बळावर उठतं. झॉयशिया आणि हरळी थंडीत जमिनीखालच्या खोडांत पिष्टमय साठा ठेवतात, पहिली हिरवी पाती त्या साठ्यावर येतात. अशा वेळी नत्र दिला तर पाती भराभर वाढतात, साठा लवकर संपतो, आणि मागून एखादी थंडीची लाट आली तर ती कोवळी पाती करपतात. मग दुसऱ्यांदा उठायला लॉनकडे काही उरत नाही. झॉयशियामध्ये तर थंड-ओल्या दिवसांत दिलेला नत्र गोल मोठे डाग पाडणारा बुरशीजन्य रोगही वाढवतो.

म्हणून खूण अशी: लॉन पूर्ण हिरवं झालं, एक-दोनदा कापावं लागलं, माती 18 अंशांच्या वर टिकली, की पहिलं खत. तणनाशकानंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी ही वेळ येते. तोपर्यंत शेजारचं लॉन खतावर आधी हिरवं झालेलं दिसलं तरी धीर धरा.

किती द्यायचं? एका वेळी जास्तीत जास्त दर चौरस मीटरला 5 ग्रॅम नत्र. खताचे 5 ग्रॅम नव्हेत, नत्राचे. युरियात 46 टक्के नत्र असतो. 100 चौरस मीटर लॉनला 500 ग्रॅम नत्र म्हणजे सुमारे 1.1 किलो युरिया. पोत्यावर 15-5-10 लिहिलं असेल तर पहिला आकडा नत्राचा, 15 टक्के, म्हणजे तेवढ्याच नत्रासाठी सुमारे 3.3 किलो खत. युरिया झटपट लागू होतो, म्हणून तो मी निम्म्या मात्रेत देतो, कोरड्या पात्यांवर टाकतो आणि लगेच पाणी देतो. त्याची हिरवाई तेरड्याच्या रंगासारखी लवकर उतरते. हळूहळू विरघळणारा नत्र निम्मा तरी असेल असं खत मिळालं तर लॉन एकसारखं वाढतं आणि दर चार दिवसांनी कापायला लागत नाही.

वर्षाचा हिशोब गवतागणिक बदलतो. हरळी खादाड, दर चौरस मीटरला वर्षाकाठी 15 ते 20 ग्रॅम नत्र सहज घेते. झॉयशियाला 10 ते 15 पुरतात. सेंटीपीडला 5 ते 10 च्या वर देऊ नका. त्याचा फिकट पोपटी रंग हा त्याचा नैसर्गिक रंग आहे. तो गडद करायच्या नादात जास्त खत दिलेलं सेंटीपीड पुढच्या हंगामात ठिगळाठिगळांनी मरतं, हे मी जवळून पाहिलं आहे. स्फुरद (फॉस्फरस) माती तपासल्याशिवाय टाकू नका, बऱ्याच जुन्या बागांच्या मातीत तो आधीच पुरेसा असतो.

थंडी पडायच्या सहा ते आठ आठवडे आधी नत्र बंद करा. झोपायला निघालेल्या गवताला उठवून जेवायला घालण्यात काही फायदा नाही.

हिवाळी तणाची वेळ वेगळी

लॉन झोपलेलं असताना हिरवे पुंजके दिसत असतील तर ते हिवाळी तण. पोआ नावाचं बारीक, मऊ गवत त्यांत पुढे असतं. त्याचं बी माती थंड होत 21 अंशांच्या खाली उतरली की रुजतं. म्हणजे तिथे तापमान चढताना नाही, उतरताना पाहायचं, आणि औषध त्याच्या थोडं आधी द्यायचं. वसंतात कितीही औषध दिलं तरी हे तण थांबणार नाही. ते आधीच उगवून, फुलून, बी टाकून मोकळं झालेलं असतं. या फेरीबरोबर खत द्यायचं नाही.

लव्हाळ्यावर हे चालत नाही

सगळं वेळेवर केलं आणि तरी लॉनमध्ये चकचकीत, लॉनपेक्षा भराभर उंच होणारी पाती येतात, असं असेल तर एक देठ बोटांमध्ये फिरवून पाहा. तीन कडा लागल्या तर तो लव्हाळा, गवत नव्हे. तो बियांपेक्षा जमिनीतल्या गाठींतून येतो. गाठींत इतकी शिदोरी असते की कोंब तणनाशकाचा पडदा भेदून वर येतो. उपटला तर देठ हातात येतो, गाठ खालीच राहते आणि साखळीतली पुढची गाठ फुटते. त्यासाठी हॅलोसल्फ्युरॉनसारखं उगवलेल्या लव्हाळ्यावर फवारायचं औषध लागतं, लॉन जोमात असताना, आणि सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा एकदा. पाणीही कमी करून पाहा. सतत ओली जागा त्याला आवडते.

यंदा उशीर झालाच असेल तर

तण उगवलं आहे आणि उन्हाळा डोक्यावर आहे. लॉन अजून अर्धवट हिरवं असताना उगवलेल्या तणावरचं औषध फवारू नका. जागं होत असलेलं गवत सर्वांत नाजूक असतं. 30-32 अंशांच्या वर हवा तापली असेल तर 2,4-डी सारखी औषधं लॉनलाही करपवतात, सेंट ऑगस्टीन तर त्याने लवकर दुखावतं. औषध कोणतंही असो, लेबलवर तुमच्या गवताचं नाव असल्याशिवाय टाकी भरू नका. हातमोजे घाला आणि फवारलेला भाग वाळेपर्यंत मुलांना, जनावरांना तिकडे जाऊ देऊ नका.

मोठं झालेलं क्रॅबग्रास पावसानंतर किंवा पाणी दिल्यावर वाफसा आला की मुळासकट निघतं. एवढं एक काम मात्र चुकवू नका: बी धरण्याआधी ते काढा. एक झाड हजारो बिया टाकतं. निदान तुरे तरी कापून, गोळा करून लॉनबाहेर न्या. लॉन कापताना पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त छाटू नका. हरळी अडीच ते चार सेंटीमीटर, सेंट ऑगस्टीन सहा ते नऊ. दाट गवताखाली ऊन पोहोचत नाही तेव्हा रुजायला टपलेल्या बियाही गप्प राहतात.

पुढच्या वेळी औषध देताना अर्धा मीटर लांब-रुंद एक फळी लॉनच्या कडेला झाकून ठेवा, तेवढा चौकोन कोरा राहू द्या, मग फळी काढून घ्या. दोन महिन्यांनी त्या चौकोनात तण भरलं आणि बाहेर स्वच्छ असेल तर औषध आणि वेळ दोन्ही बरोबर होती. दोन्हीकडे सारखंच तण असेल तर नोंदवहीतली त्या आठवड्याची तापमानं आणि पाणी दिल्याची तारीख काढून बघा.